पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या

व्हेनिसहून परत येताना, म्युनिकला गाडी बदलायच्या आधी, मी नवऱ्याकडून एक वचन घेतलं. मी पाण्यात पडले ही गोष्ट मंडळींत सांगायची नाही.

"माझं हसं करायचं नाही," मी म्हटलं.

तो संत्रं सोलत होता. "नाही करणार," तो म्हणाला आणि पुन्हा हसला. त्या हसण्यामुळे माझा काही विश्वास बसला नाही.

मंडळी म्हणजे स्टुटगार्टच्या आसपासची पाच-सहा मराठी घरं. पुरुष सगळे इंजिनियर, कुणी गाड्यांच्या कंपनीत, कुणी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत. आम्ही त्सुफेनहाउझेनला राहत होतो. महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी घरी दुपारचं जेवण असायचं. मला जर्मनीत येऊन वर्ष होत आलं होतं आणि महिनाभर मी त्या रविवारची वाटही बघायचे आणि धास्तीही घ्यायचे.

मी पुण्यातच वाढले, पण नन्सच्या इंग्रजी शाळेत. मराठी घरात बोलायचे. चार माणसांत मात्र वाक्य आधी मनात जुळवून बघायची सवय होती, आणि ते जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. पहिल्याच जेवणाला कुणीतरी सहज विचारलं, "एकोणसत्तर म्हणजे किती गं?" मी सेव्हंटी-नाइन म्हटलं. सगळे हसले. प्रेमानंच हसले, पण तेव्हापासून माझं नाव "कॉन्व्हेंट" पडलं. मग मी ताटं मांडायचं, पाणी भरायचं काम अंगावर घेतलं. हातात काम असलं की माणसाला कुणी फार बोलायला लावत नाही.

नवरा मिरजेचा, आणि माझ्या अगदी उलट. तो बोलायला लागला की माणसं खुर्च्या ओढून जवळ यायची. त्याच्या गोष्टी बहुतेक खऱ्या असायच्या आणि बहुतेक गोष्टींत मी असायचे. हिवाळ्यात मी कचऱ्याची पिवळी पिशवी चुकीच्या दिवशी बाहेर ठेवली आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंनी ती दोन बोटांत धरून परत वर आणून दिली, ही गोष्ट त्यानं त्या बाईंच्या हावभावांसकट केली होती. मीही सगळ्यांबरोबर हसले. घरी आल्यावर दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. "अगं, गंमत होती," तो म्हणत राहिला. त्याला खरंच कळत नव्हतं.

तशी इटली आम्हा दोघांनाही फार आवडली होती. व्हेनिसमधली हॉटेलं परवडेनात म्हणून आम्ही पुलाच्या अलीकडे मेस्त्रेला उतरलो होतो. खिडकीखाली रेल्वेचे रूळ, खोलीत फक्त पलंग आणि बेसिन. त्या बेसिनवर वाकून आम्ही पीच खाल्ले, रस पार कोपरापर्यंत ओघळला. बोटीतून चुकीच्या धक्क्यावर उतरलो, मग त्याच त्या चौकात पुन्हा पुन्हा येत राहिलो. शेवटी आइस्क्रीमवाला आम्हाला बघून हात हलवायला लागला. उन्हाला वास होता. माणसं जोरात बोलत होती. गल्लीत या घरापासून त्या घरापर्यंत दोऱ्यांवर कपडे वाळत होते आणि नवरा मान वर करून त्यांचेच फोटो काढत सुटला होता. "बघ, आमची मिरजच! फक्त नऊवारी तेवढी नाही."

तेव्हाच ते झालं. गल्ली एका अरुंद कालव्यापाशी संपत होती आणि तिथून चार पायऱ्या पाण्यात उतरत होत्या.

माझी आई नदीकाठी गेली की आधी खाली उतरून पाण्याला हात लावायची, तो ओला हात डोळ्यांना लावायची, आणि मगच पाण्यात पाय घालायची. वाईला असो, कुठेही असो. शाळेच्या सहलीला ती एकदा सोबत आली होती, तेव्हा तिनं मैत्रिणींसमोर हे केलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मी स्वतः तसं कधी केलं नव्हतं. देवाला हातसुद्धा मी कुणी बघत नसेल तेव्हाच जोडायचे. पण त्या दुपारी ऊन होतं, पाणी हिरवं चमकत होतं, पायऱ्या होत्या. नवऱ्याची पाठ माझ्याकडे होती. मी उतरले.

खालच्या पायरीवर शेवाळ होतं. मी हात पुढे केला, तो पाण्याला लागायच्या आत पाय सटकला, आणि बसल्या बसल्या छातीपर्यंत आत गेले.

पलीकडे कोपऱ्यावर एका हॉटेलची टेबलं मांडलेली होती, ती मला वरून दिसलीच नव्हती. तिथली सगळी माणसं उठून उभी राहिली. एक वेटर धावत आला आणि त्यानं मला काखेत हात घालून, पोतं उचलावं तसं वर काढलं. माझी एक चप्पल तरंगत निघाली होती. अंगाला कसला तरी कुबट वास येत होता. टाळ्या वाजल्या, बहुधा वेटरसाठी. मी मान वर केली तर नवरा कॅमेरा हातात धरून हसत होता. लगेच गप्प झाला, धावत आला, सगळं केलं. समोरच्या दुकानातून पट्ट्यापट्ट्यांचा टीशर्ट आणि व्हेनिसचा नकाशा छापलेला मोठा टॉवेल आणला. तो टॉवेल लुंगीसारखा गुंडाळून, एका पायात चप्पल घालून मी बोटीत उभी राहिले. मेस्त्रेपर्यंत तो माझ्यापुढे आडोसा धरून उभा होता. पण माझ्या डोळ्यांपुढे तो हसणारा चेहराच राहिला. खाली का उतरलीस, हे त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी जेवण वहिनींकडे होतं. वहिनी आमच्यात सगळ्यांत जुन्या. त्यांच्या सासूबाई साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. आम्ही त्यांना काकू म्हणायचो. जेवणाआधी नवऱ्यानं कॅमेऱ्याची वायर टीव्हीला जोडली आणि फोटो सुरू झाले. मी स्वयंपाकघराच्या दारात कोशिंबिरीचं भांडं घेऊन उभी होते. चुकलेला धक्का झाला, आइस्क्रीमवाला झाला. लोक हसत होते. मग वाळणारे कपडे आले. त्यानंतरचा फोटो एकदम दुसऱ्या दिवसाचा होता.

"काय रे, दुपारनंतर एकही नाही?" वहिनींनी विचारलं. "कॅमेरा पाण्यात पडला की काय?"

"कॅमेरा नाही," नवरा म्हणाला.

त्यानं खुर्ची पुढे ओढली. ही खुर्ची ओढणं मी ओळखत होते. त्या क्षणी मला तो माणूस इतका नकोसा झाला की पुण्याचं तिकीट कसं काढायचं इथपर्यंत मी पोचले.

"मी पडलो," तो म्हणाला.

आणि त्यानं सगळं सांगितलं. शेवाळ, टाळ्या, वाहून गेलेली चप्पल, नकाशाचा टॉवेल. "माझ्या बुडावर अख्खं व्हेनिस! एक जपानी बाई येऊन त्यात रस्ता शोधायला लागली." ही बाई नव्हतीच. लोक डोळे पुसत होते. सगळं माझंच होतं, फक्त त्यात मी नव्हते. नाही, होते. वेटरच्या जागी होते.

"ही मात्र एकदम शांत. खाली उतरली, हात दिला, एका झटक्यात बाहेर. मी बोंबलतोय आणि ही म्हणते, आधी चष्मा सांभाळ."

"गेनाऊ! अगदी बरोबर!" वहिनी म्हणाल्या. "बायका म्हणून निभावतं तुमचं. आमच्या कॉन्व्हेंटनं नाव काढलं हं!"

सगळे माझ्याकडे वळून बघत होते. आजवर त्या घरात माझ्याकडे असं कुणी बघितलं नव्हतं. माझे कान तापले. मी भांड्यातली कोशिंबीर उगीचच ढवळायला लागले.

"पण बाबा, तू खाली उतरलास कशाला?" काकूंनी विचारलं.

"टेस्टिंग डिपार्टमेंट आहे ना त्याचं," एक जण म्हणाला. "लीक आहे का बघत होता."

पुन्हा हशा. "ते... म्हणजे... आल्झो..." नवरा म्हणाला आणि अडला. त्याला गोष्टीत अडताना मी पहिल्यांदाच बघत होते. त्याला माहीतच नव्हतं. त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि मग काकूंनीही माझ्याकडेच बघितलं. "तू सांग गं. तू होतीस ना तिथे?"

वाक्य जुळवायला वेळ नव्हता.

"डोळ्यांना पाणी लावायला," मी म्हटलं.

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग जे हसू फुटलं ते थांबेना. कारण माझा नवरा म्हणजे गणपतीला आरती संपल्यावर, नेमका मोदकांच्या वेळी उगवणारा माणूस.

"अरे नास्तिका! तीर्थ कुठलं, गटार ते!"

"बाटलीत भरून आणायचंस की रे आमच्यासाठी!"

नवरा माझ्याकडे बघत होता. त्याला कळलं होतं. मग त्यानं हात जोडले, डोळे मिटले आणि म्हणाला, "काय करू, पायऱ्या दिसल्या, मन भरून आलं." लोक लोळायचेच बाकी होते.

काकू तेवढ्या हसल्या नाहीत. "हसता काय? पायऱ्या पाण्यात उतरतात त्या कशासाठी असतात?"

"अहो आई, तिथे त्या बोटीत चढायला असतात," वहिनी म्हणाल्या.

"असतील. त्याला काय ठाऊक?" आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "तू धरलंस ते बरं केलंस हो. दिसायला घाबरट, पण धीराची आहेस."

"काकू, मीच पडले होते." हे वाक्य तयार होतं. त्यात चुकण्यासारखं काही नव्हतं, आणि मी म्हटलं असतं तर फार तर अजून एकदा हसले असते सगळे. काकूंचा हात पाठीवर होता. मी तो तसाच राहू दिला. वहिनींनी माझ्या हातातलं भांडं घेतलं, "चला, पानं घेते," म्हणाल्या, आणि सगळे उठले. जेवताना काकूंनी मला दोनदा आग्रह करून श्रीखंड वाढलं. मी ते हळूच नवऱ्याच्या ताटात सरकवलं.

परत येताना स्टेशनवर चांगलं ऊन होतं. रिकामा डबा त्याच्या हातात होता.

"रागावलीस?" त्यानं विचारलं.

"तू वचन दिलं होतंस."

"तुझं हसं कुठे केलं?"

तो डब्याची कडी उघडझाप करत राहिला. मग म्हणाला, "खरंच त्यासाठी उतरलीस?"

"हो."

तो हसेल म्हणून मी वाट बघितली. तो हसला नाही.

"मला वाटलं, फोटोसाठी पोझ द्यायला उतरलीस आणि पडलीस. म्हणून तेव्हा हसलो." आणि म्हणाला, "सांगायचं ना. वरून हात धरला असता."

गाडी आली. आम्ही समोरासमोर बसलो. त्याच्याबद्दल दारात उभं राहून जे जे मनात आलं होतं ते सगळं आठवून मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

"वहिनींना फोन करून खरं सांगू का?" मी विचारलं. विचारताना तो नको म्हणेल हे मला ठाऊक होतं.

"छे," तो म्हणाला. "आता ती गोष्ट माझी झाली."

मला हायसं वाटलं. ते त्याला दिसू नये म्हणून मी खिडकीबाहेर बघत बसले.