पॅडला न कळणारं बोट

"ए, थूक मत लगा. कंपनी का लॅपटॉप है."

साहेब हिंदीत म्हणाले, म्हणजे सगळ्यांना कळावं म्हणून. मीटिंगच्या खोलीत नऊ माणसं होती. भिंतीवरच्या पडद्यावर माझ्या स्टोअरची यादी होती. प्लेटा, अँगल, बोल्ट, वॉशर. क्लायंटचा इन्स्पेक्टर हात बांधून वाट बघत होता. मी काय केलं होतं? बोट जिभेला लावून लॅपटॉपच्या पॅडवर टेकवलं होतं. एवढंच. त्याशिवाय पडद्यावरचा बाण जागचा हलत नव्हता.

साहेबांनी टिश्यूचा डबा ओढला. दोन टिश्यू काढले. माझ्यादेखत पॅड पुसलं. मग स्क्रीन पुसायचा स्प्रे मारला आणि तिसरा टिश्यू काढून परत पुसलं. लॅपटॉप मल्याळी इंजिनियरपुढे सरकवला. त्याने बोट ठेवलं तसा बाण सुरसुर पळाला.

"देखा?" साहेब म्हणाले. "मशीन को भी मालूम है लेबर कौन है."

सगळे हसले. मीही हसलो.

'मीही हसलो' हे दोन शब्द लिहिताना आजही कान तापतात. बाकीच्यांचं हसणं मी केव्हाच पचवलं. माझं मला पचलेलं नाही.

आमचं यार्ड अमिरातीत, हमरियाला होतं. लोखंडी सांगाडे बनवायचं काम. त्र्याण्णव साली मी लातूरकडून तिथे गेलो आणि पहिली नऊ वर्षं ग्राइंडर मारला. हातमोजे आठवड्यात फाटायचे. नवे मागितले की फोरमन म्हणायचा, खलास, पुढच्या महिन्यात. उन्हाळ्यात तापलेल्या प्लेटेला हात लावायचा आणि वर ठिणग्या झेलायच्या. बोटांची टोकं आधी भाजली, मग निबर झाली, मग गुळगुळीत. रेषा गेल्या. तव्यावरची भाकरी उचलली तरी चटका कळायचा नाही. लेबर कॅम्पातली पोरं कौतुकाने बघायची आणि मलाही त्याचा तोरा होता.

कॉम्प्युटर मला हसनभाईने शिकवला. तो आमचा टाइमकीपर, दापोलीचा. शुक्रवारी यार्ड बंद असायचं. नमाज आटोपून तो ऑफिस उघडायचा आणि मला जुन्या डेस्कटॉपपुढे बसवायचा. त्या कॉम्प्युटरला गोळीवाला माऊस होता. गोळीत यार्डातली धूळ अडकायची, ती मी नखाने काढायचो. पण माऊस प्रामाणिक होता. त्याला बोटाची कातडी लागत नाही, वजन लागतं. दाबलं की दाबलं. दोन वर्षांत मी अख्खं स्टोअर त्यावर चढवलं. व्हिसावर 'लेबर' छापलेलं होतं आणि मी स्टोअरकीपरच्या खुर्चीत बसत होतो.

साहेब आमचे मॅनेजर. पुण्याचे. राहायला अल कुसैसला, बायकोमुलांसोबत. मी स्टोअरमध्ये आलो त्या पहिल्या आठवड्यात त्यांनी मला आडनाव विचारलं, गाव विचारलं, तालुका विचारला. मग "अच्छा, अच्छा" म्हणाले आणि विषय बदलला. ते 'अच्छा' मला लहानपणापासून ओळखीचं होतं. पण दार बंद असलं की ते माझ्याशी मराठीत बोलायचे. "तू आपला माणूस" म्हणायचे. क्लायंटचं इन्स्पेक्शन नीट पार पडू दे, तुला स्टाफमध्ये घेतो, असा त्यांचा शब्द होता. स्टाफ म्हणजे वेगळी बस, वेगळी मेस. मला त्याचं काही नव्हतं. मला हवा होता फॅमिली व्हिसा, आणि तो लेबरला मिळत नाही. माझी मुलगी सहा वर्षांची झाली होती आणि मी तिला एकूण साडेतीन महिने पाहिलं होतं.

मग लॅपटॉप आले. जुने कॉम्प्युटर गेले, त्यांच्याबरोबर माऊसही गेले. आता बोट पॅडवर फिरवायचं. मी फिरवलं. काहीच नाही. घासलं. काही नाही. मला वाटलं मशीन बिघडलंय. हसनभाईने बोट लावलं तर चालू. त्याने माझा हात उलटा करून बोटांची टोकं बघितली. मग म्हणाला, बोट जरा ओलं करून बघ. ओलं केलं की चालायचं. म्हणून स्टोअरमध्ये मी कागद मोजायच्या स्पंजची डबी शेजारी ठेवायचो. मीटिंगच्या खोलीत डबी नव्हती. जीभ होती.

आमच्या वस्तीत पोराला अक्षरओळखीच्या आधी एक गोष्ट सांगतात. आपल्या पूर्वजांच्या गळ्यात मडकं बांधायचे. थुंकी रस्त्यावर पडू नये म्हणून. मी ती गोष्ट शंभरदा ऐकली होती, पण ती जुनी गोष्ट म्हणून ऐकली होती. मीटिंगच्या त्या खोलीत तिसरा टिश्यू निघाला तेव्हा ती माझी झाली. माझ्या बापाचा हात लागला की गावातला हॉटेलवाला कपावर पाणी ओतून घ्यायचा. माझा हात लागलाय हे मशीनला कळतच नव्हतं. बापाचा हात विटाळाचा, लेकाचा हात बिनकामाचा. आणि दोघांचेही हात राबून राबून तसे झालेले, हे कुणी बोलत नाही.

पंधरा दिवसांनी हेड ऑफिसचा कागद आला. ऑफिसच्या वापरासाठी वायरलेस माऊस हवा की ट्रॅकपॅड पुरेल, प्रत्येक स्टाफने कारणासह कळवावं. यादी टाइप करायचं काम माझ्याकडे. मी एकेकाला विचारत फिरलो. अकाउंटंट म्हणाला, पॅडच बरा, माऊसने मनगट दुखतं. इंजिनियरला ड्रॉइंगसाठी माऊस पाहिजे होता. फिलिपिनो रिसेप्शनिस्टला नखांमुळे पॅड जमत नव्हतं, तिलाही माऊस. साहेबांना माऊस, वायरचा गुंता नको म्हणून. अकरा नावं, अकरा कारणं. सगळी मी निमूट टाइप केली. मनगट, नखं, गुंता. कुणाच्याच कारणावर कुणी हसलं नाही.

मग मी बारावं नाव टाइप केलं. माझं. बोट ओलं करून.

संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. दार लावून घेतलं. यादीवर माझ्या नावाभोवती पेनाने गोल होता.

"हे कुणी घातलं?"

"मी."

"ही स्टाफची यादी आहे."

"काम स्टाफचंच करतो साहेब."

ते चिडले नाहीत. खुर्ची जवळ ओढली, आवाज खाली आणला. ड्रॉवरमधून त्यांचा घरचा जुना वायरलेस माऊस काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, आपला माणूस म्हणून देतोय, घेऊन जा, कुणाला सांगू नकोस. शेजारी एक टाइप केलेला कागद ठेवला, यादीतून माझं नाव काढायला. मला ट्रॅकपॅड दिलेला आहे, तो व्यवस्थित चालतो, दुसऱ्या कशाची गरज नाही. खाली माझं नाव आणि सहीची रेघ. सही केली की स्टाफचं प्रकरण पुढच्या वर्षी नक्की, इन्शाल्ला.

खोटं कशाला सांगू, हात पुढे गेला होता. माऊस समोर होता, मुलगी डोळ्यासमोर होती. एक सही. देव्हाऱ्यातल्या देवासारखे साहेब प्रसन्न दिसत होते. तेवढ्यात माझ्या डोक्यात आलं की उद्या माझा हात चालेल तो यांच्या दयेवर, आणि कागद म्हणेल की माझ्या हाताला काही झालंच नाही. नऊ वर्षं पुसली जातील. टिश्यूने पुसतात तशी.

मी पेन घेतलं आणि सहीच्या रेघेवर माझ्या मोडक्या इंग्रजीत लिहिलं. मराठीत सांगायचं तर असं: पॅड माझ्या बोटाला चालत नाही. नऊ वर्षं या कंपनीचं लोखंड घासलं म्हणून चालत नाही. यादीप्रमाणे माऊस द्या.

साहेबांनी वाचलं. कान लाल झाले.

"त्या दिवशीचं मनात धरून बसलास होय? अरे, गंमत होती ती. सगळे हसले." मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "तूही हसलास की."

ते खरं होतं. मी त्यांचा माऊस टेबलावर होता तिथेच ठेवला आणि बाहेर आलो.

तिसऱ्या दिवशी स्टोअरची किल्ली माझ्याकडून घेतली आणि मला परत ग्राइंडरवर पाठवलं. हसनभाई माझ्यावर भडकला. एवढ्याशा माऊसपायी पोरीचा व्हिसा घालवलास, म्हणाला. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. बायकोला पत्रात काय लिहायचं ते मला आठवडाभर सुचलं नाही. शेवटी होतं तसं लिहिलं. तिचं उत्तर आलं त्यात व्हिसाबद्दल अक्षर नव्हतं. मी रडलो. माझी मुलगी अमिरातीत कधीच आली नाही.

यार्डात गोष्ट माझ्याआधी पोचली होती. पहिल्याच दुपारी पाण्याच्या टाकीपाशी फोरमन ओरडला, "यल्ला, चलो, कॉम्प्युटर इंजिनियर, उंगली गीला कर." वीसेक माणसं होती, सगळी माझ्यासारखीच, तसल्याच हातांची. ती हसली. हसता हसता माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मी कधी हसतो म्हणून.

मी हसलो नाही. फोरमनकडे बघत राहिलो. हळूहळू एकेकाचं हसणं थांबलं आणि शेवटी फोरमन एकटाच हसत उरला.

तेव्हापासून माझा नियम एकच आहे. माझ्या हातावरच्या विनोदाला मी हसत नाही. साहेब असो, सोयरा असो, समोर नोकरी असो की पोरीचा व्हिसा. ती गंमत होती याला 'तूही हसलास' हा एकच पुरावा त्यांच्याकडे होता. तो मी त्यांना पुन्हा देणार नाही.