अर्डिथ कोवाचचं कार्ड

अर्डिथ कोवाचच्या स्वयंपाकघरात ब्रेडच्या डब्याशेजारी रेडिओ स्कॅनर असतो, आणि तो बंद असलेला आमच्या टॅनरी रन गावात कुणी पाहिलेला नाही. पोलीस, ॲम्ब्युलन्स, आगीचा बंब, खोऱ्यातलं सगळं बोलणं तिच्या कानावर पडतं आणि आतल्या नखाएवढ्या मेमरी कार्डावर साठत जातं. चाळीस वर्षं शाळेत पोरांना जेवण वाढलेली बाई ती. कोण थापा मारतोय हे तेव्हा तिला नुसत्या तोंडाकडे बघून कळायचं, आता आवाजावरून कळतं.

त्या कार्डाचा तिने एक कायदा केला होता. भाच्याने एकदा ते कॉम्प्युटरमध्ये घालून 'स्वच्छ' करून दिलं, तर स्कॅनर त्याला ओळखच देईना. आठवडाभर घर मुकं झालं. तेव्हापासून कार्ड फॉरमॅट करायचं ते स्कॅनरमध्येच, आणि महिन्याच्या एक तारखेलाच. सकाळी तिने जुन्या नोंदी कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायच्या आणि संध्याकाळी तिचा नवरा मर्ल याने पुसायचं बटण दाबायचं, कारण संधिवातामुळे ती बारीक बटणं तिला दाबता येत नाहीत. नऊ वर्षांत मर्लने एक तारीख चुकवली नव्हती. लग्नाचा वाढदिवस मात्र दोनदा चुकवला होता.

ऑक्टोबरच्या अठ्ठावीस तारखेला भर दुपारी गावातल्या नेल्डा रश्कोचं घर जळालं. नेल्डा वाचली, घराचा कोळसा झाला. आमच्याकडे अग्निशमन दल म्हणजे गावातलीच माणसं, हातातली कामं टाकून धावणारी. बंब मर्ल चालवतो, एकतीस वर्षं, फुकट. काउंटीचा, म्हणजे आमच्या जिल्ह्याचा, कमिशनर लायल प्रॉसर याने दुसऱ्याच दिवशी वर्तमानपत्रात सांगून टाकलं, की टॅनरी रनचे म्हातारे डुलक्या घेत बसले, बंब उशिरा पोचला, हे दल बंद केलेलंच बरं.

अर्डिथच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने सगळं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. मदतीचे फोन घेणाऱ्या काउंटीच्या केंद्राने आगीची पहिली वर्दी डोंगरापलीकडच्या बेलफोर्डच्या दलाला दिली आणि चूक कळल्यावर, म्हणजे अकरा मिनिटांनी, टॅनरी रनला. त्यानंतर तीन मिनिटांत मर्लचा बंब रस्त्यावर होता. वर्दी, वेळ, मर्लचा आवाज, सारं कार्डावर होतं. केंद्राकडेही नोंद होती, पण चौकशी संपेपर्यंत ती मिळणार नव्हती, आणि चौकशी करणार कोण, तर लायल प्रॉसर. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!

बंबघराच्या हॉलमध्ये दोन नोव्हेंबरला सुनावणी ठरली. मधले दिवस अर्डिथ ती नोंद मिळवायला फोनवर काउंटीच्या एकेका कारकुनाशी भांडत होती. एक तारखेची सकाळही अशीच भांडणात गेली आणि नोंदी उतरवायच्या राहिल्या.

संध्याकाळी मर्लने हात धुतले, स्कॅनरची तीन बटणं दाबली आणि कॉफी ओतून घेतली.

"झालं गं तुझं काम," तो म्हणाला.

"कुठलं काम?"

"आज एक तारीख ना? पुसलं कार्ड."

अर्डिथच्या हातातलं पातेलं सिंकमध्ये आदळलं.

"मेल्या, काय केलंस हे! एकतीस वर्षांची अब्रू एका बोटाने पुसलीस!"

"तू सकाळी उतरवून घेतेस की."

"नाही घेतलं आज!"

"मग तसं सांगायचं."

"तू विचारायचं, ठोंब्या! तुझंच नाव खराब झालंय, माझं नाही!"

मर्लने तिच्यासमोर कॉफी ठेवली. त्याने ती आणखीच भडकली. चूक निम्मी आपली आहे हे तिला कळत होतं आणि त्याचाच संताप जास्त होता. बेलफोर्डच्या कॉम्प्युटरवाल्याने फोनवर सांगितलं, पुसलेलं परत मिळेलही कदाचित, पण आठवडा लागेल. सुनावणी दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला होती.

हॉल गच्च भरला होता. लायलने दल बंद करण्याचा ठराव वाचायला घेतला, तशी अर्डिथ उठली.

"लायल, बारा वर्षं तुला जेवण वाढलंय मी. दोन मिनिटं बोलले तर चालेल ना?"

लोक हसले. "बोला, मिसेस कोवाच," लायल म्हणाला.

तिने पर्समधून कार्ड काढून दोन बोटांत वर धरलं. "हे माझ्या स्कॅनरचं कार्ड. अठ्ठावीस तारखेला दोन वाजून सहा मिनिटांनी तुझ्या केंद्राने वर्दी कुणाला दिली, आणि दोन सतराला कुणाला, हे तू सांगतोस की मी ऐकवू?"

शेजारी मर्ल टोपी कुस्करत जमिनीकडे बघत बसला. अर्डिथ दर रविवारी चर्चला जाणारी बाई. इतकं धडधडीत खोटं ती पहिल्यांदाच बोलत होती, पण राग एवढा होता की लाज वाटायला जागाच नव्हती.

"घरगुती यंत्राची नोंद आम्हाला ग्राह्य धरता येत नाही," लायल म्हणाला.

"नको धरूस. गाव ऐकेल की."

लायलने कार्डाकडे पाहिलं, मग शेजारच्या वकिलाकडे. दोघं कुजबुजले. दहा मिनिटांची सुट्टी जाहीर झाली, ती चाळीस मिनिटं चालली. परत येऊन लायलने मान वर न करता कागद वाचला. केंद्राची नोंद पुन्हा तपासली असता पहिली वर्दी चुकीच्या दलाला गेल्याचं आढळलं. टॅनरी रनच्या दलाचा कोणताही दोष नाही. ठराव मागे घेण्यात येत आहे.

टाळ्यांनी हॉल दणाणला. नेल्डाने मर्लच्या गळ्यात पडून रडून घेतलं. लायल खाली आला आणि त्याने हात पुढे केला. मर्ल भला माणूस, त्याने तो धरला. अर्डिथने नाही धरला.

"मिसेस कोवाच, ते कार्ड आता दप्तरी जमा करावं लागेल."

"घे की." तिने ते त्याच्या तळहातावर ठेवलं. "कोरं आहे. काल संध्याकाळी पुसलं गेलं."

लायलचे कान लाल झाले. "म्हणजे तुम्ही आम्हाला फसवलंत!"

"मी कोरं कार्ड दाखवलं, लायल," अर्डिथ म्हणाली. "भरलेली नोंद पाच दिवस तुझ्याच केंद्रात होती."