अर्धी गोळी

२०१९ साल. मी तेव्हा अडुसष्ट वर्षांचा. हे मी कुणाला बोललो नाही — पोराला नाही, देवाला नाही. तुम्हाला सांगतो.

चौथीतनं शाळा सुटली आणि विट्याकडनं जयपूरला आलो, गलाईच्या धंद्यात. दागिने वितळवायचे, सोनं चोख करायचं, त्याचा कस सांगायचा. कस कमी सांगून वरचं खिशात घालणारे पुष्कळ बघितले. मी तसला नव्हे — छाती काढून सांगायचो.

शालन, माझी बायको, त्या वर्षी भिंतीकडं तोंड करून निजायला लागली. स्वयंपाक नाही, बोलणं नाही. सुनेनं तिला जयपुरातल्याच मानसरोवर भागात, मनाच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाई दर खेपेला तेच प्रश्न विचारायच्या — गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस झोप नाही, किती दिवस मन उदास — आणि उत्तरांच्या बेरजेवरनं गोळी ठरवायच्या. मला हसू यायचं. माणूस काय सोन्याचा तुकडा आहे?

मग एकदा बाईंनी मला आत बोलावलं. मेलेलं बरं असं माताजींना जवळजवळ रोज वाटतं, म्हणाल्या. घरी लक्ष ठेवा.

रोज? माझ्या शेजारी निजून? आणि सांगायचं कुणाला — तर परक्या बाईला? हिनं मला बाजारात उघडं केलं, दगा दिला — असंच वाटलं. तिला काय होत असेल, हे मनात आलंच नाही.

पुढच्या खेपेला मीच घेऊन गेलो. बाईंना म्हटलं, हिला हिंदी समजत नाही, मी सांगतो. चाळीस वर्षं भाजीवाल्याशी हिंदीत भांडलेली बाई ती. बाई विचारायच्या, शालन माझ्याकडं बघायची, आणि मी बोलायचो — नहीं जी. एखाद दिन. मरायचा विचार? नहीं जी, बिल्कुल नहीं. बेरीज उतरली. बाई खूश झाल्या, गोळी अर्धी केली.

रिक्षात ती एवढंच म्हणाली, "तेवढी एकच जागा होती हो मला."

त्यानंतर बाईंनी काहीही विचारलं तरी ती स्वतःच म्हणायची, नहीं जी. भिंत काही सुटली नाही. हल्ली मी विचारतो, कसं वाटतंय? बरं आहे, म्हणते. उभ्या जन्मात एकदाच कस चोरला — तोही घरातला.

रिक्षातलं ते बोलणं मी ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी सोनं कापायची कात्री काढली, गोळीचे बरोबर दोन तुकडे केले, आणि अर्धा तिच्या तळहातावर ठेवला.