तोंडात पिल्लं घेतलेली चिलापी

चिलापी या माशाचा मला राग आहे. बाजारात लोक ती स्वस्त म्हणून पिशव्या भरभरून नेतात, काटे कमी म्हणून वाखाणतात, आणि मी तोंड फिरवून पुढे जाते. माशाचा कसला राग धरायचा, असं माझा नवरा म्हणतो. तो पंचवटीत वाढला, त्याला मासा थेट ताटातच भेटायचा. त्याला काय कळणार!

माझं माहेर नाशिकच्या वरच्या अंगाला, धरणाच्या फुगवट्याला लागून. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादा गळाने मरळ धरायचे आणि आई ती ओल्या गोणपाटाखाली झाकून नाशकात विकायला न्यायची. मरळ पाण्याबाहेरही बराच वेळ जगते, त्यामुळे गिऱ्हाईक ती पाटीत वळवळताना बघूनच घ्यायचं. आजाऱ्याला मरळ, बाळंतिणीला मरळ. आमचं घर त्या एका माशावर चालायचं.

दादांचा एक नियम होता. पावसाळ्यात मरळीची लालसर पिल्लं पाण्यावर पुंजक्याने फिरतात आणि खाली नर-मादी त्यांची राखण करतात. तेव्हा गळ टाकला की ती चिडून झडप घालणारच, इतकं सोपं काम. पण दादा तिकडे गळ नेतच नसत. चुकून लागलीच, तर हलक्या हाताने गळ काढून परत सोडायचे. "पिल्लावरचा मासा मारायचा नाय," एवढंच म्हणायचे. आजोबाही तेच करायचे, सगळी वस्ती तेच करायची.

मी शाळेच्या शेवटच्या वर्गात असताना कुठल्याशा ठेकेदाराने पत्र्याच्या डब्यांतून माशांचं बी आणून धरणात ओतलं. मोठे मासे होतील, तुमचं भलं होईल, असं सांगून गेला तो गेलाच. चिलापी त्या डब्यांतून आली की मागाहून, हे कुणी छातीठोक सांगत नाही. परमुलखातली आहे, एवढं आमच्या गुरुजींना ठाऊक होतं.

आमिषाचे बारके मासे धरायला दादांनी टाकलेल्या जाळ्यात पहिली चिलापी आली तेव्हा मी काठावरच उभी होते. तिने तोंड उघडलं आणि आतून बारीक बारीक पिल्लं बाहेर पडली. दादा हरखूनच गेले. "अगं बघ, पोरं तोंडात घिऊन फिरती! मरळ बी एवढं करत नाय." दोन्ही हातांच्या ओंजळीतून त्यांनी तिला पाण्यात सोडलं. वस्तीभर तिचं कौतुक झालं. पिल्लं तोंडात म्हणजे बिचारी उपाशीच राहत असेल, असं आई म्हणाली. मलाही तेव्हा तिची कीव आली होती. आता आठवलं की डोक्यात तिडीक जाते.

मरळ पिल्लावर असायची ती पावसाळ्यात. ही बया मात्र थंडीचे चार दिवस सोडले तर बारा महिने पिल्लावरच! आणि आम्ही दर वेळी तिला सोडत राहिलो. उथळ पाण्याच्या तळाशी तिने खड्डेच खड्डे करून ठेवले. मरळ ज्या पाणगवतात घरटं करायची ते खाऊन फस्त केलं. दादांचे मरळीचे गळ आमिषासकट जसेच्या तसे वर यायला लागले, जाळ्यात मात्र चिलापीच. आई चिलापी घेऊन बाजारात बसायची आणि जुनी गिऱ्हाइकं नाक मुरडून पुढे जायची.

"दादा, तिला सोडू नका," मी एकदा म्हणाले. "ती आपल्या मरळीच्या मुळावर आलीय."

"तू शिकवणार मला?" ते खेकसले. "पिल्लावरच्याला मारलं तर पाण्यात राहील काय?"



लग्नानंतर पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले. बाळंतिणीला तिच्या बापाने स्वतः धरलेली मरळ खाऊ घालायची, असा आमच्या वस्तीचा रिवाज. दादा पाच दिवस पाण्यावर गेले आणि पाच दिवस रिकामे आले. सहाव्या दिवशी त्यांनी गळ सोडून जाळं टाकलं आणि दुपारी पाटी माझ्यासमोर ठेवली. सगळी चिलापी.

"मरळ संपली, पोरी," ते म्हणाले. माझ्याकडे बघवत नव्हतं त्यांना.

पाटीतल्या एका मादीच्या तोंडातून पिल्लं गळत होती. दादांनी सवयीने तिला उचललं आणि ते दाराकडे वळले.

"मारा तिला," मी म्हणाले.

ते थांबले. माझ्या मांडीवर बाळ दूध पीत होतं. दादा त्याच्याकडे बघत राहिले. "तू बी पिल्लावर हायेस," ते म्हणाले. "तुझ्यासमोर कशी मारू?"

मी बाळ आईकडे दिलं, दादांच्या हातातून ती मादी ओढून घेतली आणि चुलीपुढच्या राखेत आपटली. पिल्लं राखेत वळवळत राहिली. दादा बाहेर जाऊन बसले.

पिल्लांची मला दया आली नाही. दादांची आली, आणि संतापही आला. इतकी वर्षं ते आपल्याच हातांनी मरळ संपवत होते, आणि त्यांनी एकही वाईट काम केलेलं नव्हतं.