बोडीवर टांगलेला जावई

आमच्याकडे लग्नाचा मांडव मोठ्या जावयानं घालायचा असतो. जांभळीच्या डहाळ्या त्यानंच तोडायच्या, पहिली मेढ त्यानंच रोवायची. साळ्याच्या मुलीचं लग्न अड्याळजवळच्या सासुरवाडीला होतं आणि मोठा जावई मी. पंचवीस वर्षांत त्या घरात मला मिळणारा हा पहिला मान. बाकी वेळी मला तिथं पंखा दुरुस्त करायलाच बोलावतात.

घरामागच्या बोडीतला, म्हणजे छोट्या तळ्यातला, गाळ काढायला खोदाईची मशीन आली होती. काठावरची जांभूळ नेमकी गाळावर झुकलेली, शिडी ठरेना.

"जवाईबापू, मशीनच्या बकेटीत बसा ना," साळा म्हणाला. "लिफ्टच हाये तुमच्यासाठी."

मी आयटीआयमध्ये हायड्रॉलिक्स शिकवतो. बकेटीत माणूस बसवू नये, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो. पण बायका फोटो काढत होत्या. नवं पांढरं धोतर सावरत मी चढलो.

डहाळ्या तोडून काठावर फेकल्या आणि मशीनचं इंजिन बंद पडलं. मी दोन पुरुष उंचीवर. स्टार्टर नुसता टकटक करू लागला.

"घाबरू नका सर," ऑपरेटर केबिनमधून ओरडला. "अक्युम्युलेटर हाये. इंजिन बंद असलं तरी दोन-चारदा लिवर चालते. बूम, म्हंजे मशीनचा हात, आपल्या वजनानं खाली येते."

"हे काय असते जी?" साळ्यानं मला विचारलं.

झालं! शिकवायची सवय वाईट. तेल दाबून दबत नाही, वायू दबतो, मी वरून सुरू केलं. म्हणून एका जाड बाटलीत नायट्रोजन भरून ठेवतात. पंप तिच्यात तेल रेटतो, वायू आकसतो. पंप थांबला की तोच वायू पसरून तेल परत बाहेर ढकलतो. साधी हवा भरायची नाही, तेलाशी भडका उडू शकतो. तेल आणि वायूच्या मध्ये रबरी फुगा असेल तर तो ब्लॅडरचा, पडदा असेल तर डायफ्रामचा, सरकता दट्ट्या असेल तर पिस्टनचा. काहींत वायूऐवजी स्प्रिंग असते, आणि फार पूर्वी तर तेलावर भलंमोठं वजनच...

"सर, प्रेशर उतरून राहिलं! शाळा मंग भरवा!"

त्यानं लिवर ओढला. बकेट सुर्रकन खाली आली आणि मी ओरडलो,

"थांब, थांब! थोडं थोडं कर!"

थोडं. थांब. थोडं. थांब. लिवर दर वेळी हलवला की झडप उघडायला साठवलेलं तेल थोडं खर्च होतं. एकदाच धरून ठेवला असता तर मी खाली टेकलो असतो. हा प्रश्न मी दरवर्षी परीक्षेत घालतो. चौथ्यांदा त्यानं लिवर ओढला आणि काहीच झालं नाही. मी पुरुषभर उंचीवर लटकलेला, खाली कंबरभर गाळ.

"अवो, मुहूर्त चालला ना!" बायको काठावरून ओरडली. "तिथं काय करून राहिले?"

"प्रेशर संपलं."

"मंग उडी मारा!"

मी बकेटीच्या काठावर एक पाय ठेवला. गाळाकडं पाहिलं. पाय आत घेतला. पुन्हा ठेवला, पुन्हा घेतला. मेकॅनिक पवनीहून निघाला होता म्हणे. भटजी घड्याळ पाहत होते.

शेवटी धाकट्या जावयाला पुढं केलं. तो बिचारा काठापर्यंत आला, मी तोडलेल्या डहाळ्यांजवळ उभा राहिला.

"दादा, उचलू ना?"

"उचल," मी म्हणालो.

बकेटीतून अंगण स्वच्छ दिसत होतं. हळदीचे हात लागले, वाजा वाजला, मेढ उभी राहिली. नवरी मुलगी मान वळवून बोडीकडं पाहत होती. मी हात हलवला. मेढ जरा डावीकडं कलली होती.