मंगलआत्याचा वाखाचा दोर

विंझरच्या मंगलआत्याचा एक नेम होता: दोर कापायचा नाही म्हणजे नाही. गाठ कितीही आवळलेली असो, आत्या नखं मोडून घेईल, दातांनी ओढेल, त्या गाठीच्या सात पिढ्यांचा उद्धार करील, पण विळा लावणार नाही. नवरा गेल्यावर टेम्पो तिनं स्वतः चालवायला घेतला, त्याला आता बारा वर्षं झाली. पेंढा, भाताची पोती, शेळ्या, एकदा तर अख्खा मांडव आणि त्या गुंडाळलेल्या कापडावर झोपलेला मांडववाला, सगळं तिनं नीट बांधून नेलं. मांडववाला नसरापुरात उठला, तेव्हा कुठं त्याला कळलं.

तिचा लाडका दोर वाखाचा. माहेरच्या गावी, पासलीला, तिच्या बापानं, चिमाजीनं, घायपात कुजवून, वाख काढून, स्वतःच्या मांडीवर वळलेला. लेक पहिल्यांदा टेम्पो घेऊन माहेरी आली, त्या दिवशी म्हाताऱ्यानं तो तिच्या हातात ठेवला होता. आता बाप नाही, दोर आहे.

आणि त्या दोराची आज खरी परीक्षा होती. आत्याची भाची शेफाली वरव्याच्या चिखलातल्या मोटारसायकल शर्यतीत उतरणार होती. तिच्या गाडीला ना दिवा ना नंबर, रस्त्यावर चालवायची सोय नाही, टेम्पोतूनच न्यावी लागायची. गेल्या वर्षी दुसऱ्या एका टेम्पोवाल्यानं ती साइड स्टँडवर उभी करून सीटवरून एक दोरी टाकली होती. वळणावर गाडी आडवी, हँडल वाकडं, आणि पोरगी चिखलाच्या कडेला बसून दुसऱ्यांची शर्यत बघत रडली. आत्याला ते ऐकून इतका राग आला होता की तिनं दोन दिवस त्या टेम्पोवाल्याला मनातल्या मनात बांधून ठेवलं.

"स्टँड वर घे," पासलीत पोचताच ती म्हणाली. "स्टँडवर उभी केलेली गाडी नाचती. पुढचं चाक केबिनमागच्या फळीला टेकव. गिअरमधी टाक. आता बस वर आन् दाब!"

शेफाली बसली, दाबली. पुढचे शॉक खाली गेले तसा आत्यानं बापाचा दोर टेम्पोच्या या कडीतून हँडलवर, हँडलवरून त्या कडीत खेचला. रंग खरचटू नये म्हणून खाली जुन्या लुगड्याच्या चिंध्या. मागं दोन्ही बाजूंना नायलॉन.

"आत्या, तू गाडी बांधतीस का बाळंतिणीचं पोट?"

"दोनीला हात तसाच लागतो. चल, बस पुढं!"

निघाल्या. दोघींच्या अंगात वारं भरलेलं. आत्या हॉर्नवर ताल धरतेय, शेफाली दार बडवतेय. दर पाच मैलांवर आत्या थांबे, मागं जाऊन दोर ओढून बघे आणि "वाघ हाय वाघ!" म्हणत परत येई.

विंझरच्या अलीकडं रस्त्यात एक म्हैस अचानक आडवी आली आणि तिथंच विचार करत उभी राहिली. आत्यानं ब्रेकवर अक्षरशः उभं राहून गाडी थांबवली. डबे उडाले, हेल्मेट गडगडत गेलं, भाकरी थेट काचेवर, मागं मोटारसायकलीपाशी ठेवलेला पाण्याचा वीस लिटरचा कॅन उलटला. मोटारसायकल? तसूभर हलली नाही! आत्या खाली उतरून म्हशीसमोरच फुगडी घालायला लागली. म्हैस निघून गेली.

पण कॅनमधलं सगळं पाणी वाखाच्या दोरावर सांडलं होतं, ते आनंदाच्या भरात कुणी बघितलंच नाही, आणि पुढं थांबून दोर बघायचंही राहून गेलं. भिजलेला वाख फुगतो आणि गाठ आवळते, हे चिमाजीच्या लेकीनं विसरावं!

वरव्याला पोचल्या तेव्हा भोंग्यावर नावं पुकारणं सुरू होतं. मागच्या दोऱ्या झटक्यात सुटल्या. पुढच्या दोन्ही गाठी दगड झाल्या होत्या. आत्यानं नखं लावली, दात लावले, शिव्या लावल्या. काही उपयोग नाही.

"शेफाली, पासली! शेवटची हाक!" भोंगा ओरडला.

शेफालीनं हेल्मेट चढवलं. दोराकडं बघितलं, आत्याकडं बघितलं. तो दोर कुणाचा, हे तिला ठाऊक होतं. तिच्याच तर आजोबाचा.

आत्यानं एकदाच भोंग्याकडं मान वळवली. मग तिनं सीटखालचा गवताचा विळा काढला. "आबा, माफ करा!" म्हणाली, आणि एका हिसक्यात दोर मधोमध कापला.

"पळ गं भवाने!"

मागं उतरायला लावलेल्या फळीवरून गाडी सरसर उतरली आणि चिखल उडवत गेली. ताण गेल्यावर कड्यांच्या गाठी नखांना ऐकल्या, आणि आत्या दोराचे दोन तुकडे दोन्ही हातांत धरून टेम्पोच्या टपावर चढली आणि नाचली, अशी नाचली की भोंगेवाला दोन मिनिटं शर्यत सोडून तिचंच वर्णन करत होता. शेफाली अकरावी आली. चौदांत. डोळे सोडून सगळी चिखलाची, आणि हसणं काही थांबेना.

परतताना गाडी पुन्हा चढवली. आत्यानं दोन तुकडे जोडून मधोमध एक गाठ मारली, शेफालीला एक टोक धरायला लावून करकचून आवळली.

"ही सोडायची कशी, आत्या?"

"ही न्हाई सोडायची," आत्या म्हणाली. "ह्यो निम्मा दोर तुझा झाला आता. दाब गाडी."