शिवप्पावरची चादर

उमरग्यात नातीच्या दवाखान्यात टिंक्चर आयोडिनचा वास आला, की मी निजामाच्या राज्यातल्या त्या दुपारी जाऊन पोचते.

तेव्हा मी नर्स होते. मुरुमकडच्या एका गावात पाटील वेठीच्या माणसांकडून विहीर खणून घेत होता, आणि दरड कोसळली. डॉक्टर आणि मी बैलगाडीनं पोचलो, तोवर दरडीखाली सापडलेल्या शिवप्पाला वर काढून लिंबाखाली ठेवलं होतं. डॉक्टरांनी नाडी पाहिली, पापण्या उघडून पाहिल्या आणि मान हलवली. मी चादर त्याच्या तोंडावर ओढली. आता त्याच्या बायकोला, गंगव्वाला, बाजूला बसवून हळू सांगायचं, अशी आमची रीत होती.

तेवढ्यात पाटील म्हणाला, "डाक्टरसाब, हैज्यानं मेला म्हणून लिवा." कॉलऱ्याला तिकडं हैजा म्हणत.

डॉक्टरांनी खाली मान घालून पेनाचं टोपण काढलं. माझं डोकंच फिरलं. मी चादर ओढून काढली आणि जमलेल्या गावाला ओरडून म्हणाले, "बघा! हैज्यानं छाती अशी चेपती व्हय?"

सगळी माणसं पाटलाकडं वळली. तो घोड्याकडं मागं मागं सरकत गेला. पुढं त्या विहिरीत कुणी उतरलं नाही. माझी नोकरी गेली, पण पाटलाचा तो पांढराफटक चेहरा आठवला की या वयातही मला लई बरं वाटतं.

पण मी चादर ओढून काढली तेव्हा माणसांच्या मागं गंगव्वा शेतातून धावत येऊन उभी राहिली होती. तिला अजून कुणी काहीच सांगितलं नव्हतं.